प्रार्थना होत नाही, मग मी येशूच्या मागे आहे की नाही?

ताई, सलाम.

तुमचं पत्र वाचलं. ओळख पटेल असं काही छापू नका म्हणालात म्हणून गावाचं आणि मंडळीचं नाव गाळते, बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई नगर जिल्ह्यातल्या. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आजारपणात कंपनीतली नोकरी गेली, आता ताईंचं शिवणकाम आणि सासूबाईंची थोडी पेन्शन यावर घर चाललंय. मिस्टर मंडळीत पेटी वाजवायचे. सुरवातीला सगळे आले, उपास-प्रार्थना झाल्या, साखळी प्रार्थना झाली, मग हळूहळू लोकांचं येणं कमी झालं. मग ओळखीतलं कोणीतरी त्यांना एका चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या प्रार्थनेला, घेऊन गेलं, तिथे बाहेरून आलेल्या वक्त्याने डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की घरात कबूल न केलेलं पाप आहे, आणि तुमचा भरवसा मशीनवर आहे का येशूवर. मिस्टरांनी ते मनाला लावून घेतलं, लागोपाठ दोन डायलिसिस चुकवले आणि मध्यरात्री दम लागून ॲडमिट करायची वेळ आली. तेव्हापासून ते चर्चची पायरी चढलेले नाहीत. ताई एकट्या जातात, मागच्या बाकावर बसतात, ओठ हलतात पण आतून काही निघत नाही, प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे पुढे जातात तेव्हा या मान खाली घालून बसून राहतात. मुलगा दहावीला आहे, तो एका रविवारी म्हणाला, "आई, तो ऐकतच नाही तर आपण जातो कशाला?" आणि ताई विचारतात, माझा विश्वास संपला का, आणि शेवटपर्यंत टिकायचं टिकायचं म्हणतात ते नेमकं करायचं तरी कसं.

आधी मशीनचं बोलते कारण तो जिवाचा प्रश्न आहे. ताई, डायलिसिस एकही चुकवायचं नाही, कोणीही काहीही सांगू दे. किडनी जे काम करत होती, रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी बाहेर काढायचं, ते काम मशीन चार तासांत करतं, आणि ते झालं नाही की पाणी फुप्फुसात साठतं, पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. त्या रात्री मिस्टरांना लागला तो दम म्हणजे अंगात साठलेलं पाणी होतं, विश्वासाच्या परीक्षेत नापास झाले म्हणून देवाने दिलेली शिक्षा नव्हती, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा कारण ते मनात उलटंच धरून बसले असणार. "मशीन का येशू" हा प्रश्नच मुळात बायबलमधला नाहीये. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाल्याचं प्रेषितांच्या पुस्तकात लिहिलंय, तोच पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी लिहितो की सोबतीचा त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. बस, एका ओळीत एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं लिहिलेलं नाही, त्याच्या घरात काय पाप होतं ते नाही, आजारी होता म्हणून मागे ठेवला एवढंच. त्याच तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असं पहिल्या पत्रात सांगितलंय, म्हणजे त्या काळचं औषधच ते. आणि पौलाबरोबर फिरणारा, शुभवर्तमान लिहिणारा लूक, तो स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. औषधाशी येशूचं वैर असतं तर पौलाने या माणसाला सोबत कशाला घेतलं असतं?

आता पापाचं. योहानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्यावर शिष्यांनी हेच विचारलं, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय झटकून टाकले, याने पण नाही आणि याच्या आईबापांनी पण नाही. दोन हजार वर्षं हे वाचतोय आपण, आणि तरी आजारी माणसाच्या घरात गेलो की आपली नजर पहिली पापच शोधायला लागते. जुन्या करारातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांचं तेच झालं. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. मला त्या वक्त्याविषयी राग आहे, लपवत नाही. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला माझी काहीच हरकत नाही, याकोबाच्या पत्रातच ते सांगितलंय, आणि देव बरं करतो हे मी मानते. पण बरं झालं नाही की दोष आजाऱ्याच्या माथी मारून पुढच्या गावाला निघून जायचं, हे येशूने एकदाही केलेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, विश्वास संपला का.

ताई, तुम्ही पत्रात एक वाक्य खोडून परत लिहिलंय. "देवाचा राग येतो", मग खोडून "देवाचं काही कळत नाही". मला खोडलेलं वाक्य वाचता आलं आणि बरं वाटलं, कारण जो नाहीच असं वाटतं त्याचा कोणाला राग येत नाही. तुमचं भांडण अजून त्याच्याशीच चाललंय. आणि हे भांडण बायबलमध्ये मावतं. आपल्याकडे लहानपणापासून स्तोत्र तेवीस पाठ असतं, हिरवी कुरणं, संथ पाणी, पण तेरावं कोणी पाठ करून घेत नाही. त्याची सुरवातच "हे परमेश्वरा, कोठवर" अशी आहे आणि पहिल्या दोनच वचनांत चार वेळा कोठवर, कोठवर. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून अवघड, बाकीची बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी तरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे ज्या दिवशी शेवटी आभार मानणं जमणार नाही त्या दिवशीची प्रार्थनासुद्धा देवाने आपल्यासाठी लिहून ठेवलीये. तुम्हाला शब्द सुचत नाहीत ना, मग हे घ्या, हे रडलेल्या माणसांनी लिहिलेले तयार शब्द आहेत, मोठ्याने वाचा, तीच तुमची प्रार्थना.

आणि येशू स्वतः. गेथशेमाने बागेत तो तोंडावर पडून बापाला म्हणतो, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. आपण ही गोष्ट सांगताना लगेच "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको" यावर उडी मारतो कारण तिथे आपल्याला बरं वाटतं, पण जरा त्या पहिल्या अर्ध्या वाक्यापाशी थांबा. देवाच्या पुत्राने स्पष्ट मागितलं की हे नको, पुन्हा पुन्हा जाऊन तेच मागितलं, मत्तय लिहितो की तेच शब्द बोलून प्रार्थना केली, आणि प्याला दूर झाला नाही. जवळचे तिघे मित्र झोपले होते. मग गुड फ्रायडेला आपण वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार ऐकतो त्यातला चौथा, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा बाविसाव्या स्तोत्राचा पहिला उद्गार आहे, म्हणजे वधस्तंभावर त्याने स्वतःसुद्धा आयते शब्द उसने घेतले. उत्तर न मिळालेली प्रार्थना काय असते हे त्याला माहितीये, तुम्ही ज्याच्या मागे चाललाय तो या वाटेने आधी गेलाय. तुमच्या मिस्टरांचं दुखणं का आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं कोणी म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. पण तुम्ही एकट्या मागे राहिलात आणि येशू पुढे कुठेतरी उजेडात निघून गेला असं जे तुम्ही लिहिलंय ते मला मान्य नाही. येशूच्या मागे चालणं म्हणजे कायम डोळ्यांत आनंद आणि तोंडात स्तोत्र, असं आपल्याला साक्षी ऐकून ऐकून वाटायला लागलंय. साक्षीला उभं राहतं ते बरं झालेलं माणूस. ज्याचं चालूच आहे त्याला माईक कोण देतं?

आणखी एक. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला म्हटलं. त्यांचा. बाजेवरच्या माणसाने काही मागितलं, काही कबूल केलं असं लिहिलेलं नाही, तो नुसता पडलेला आहे आणि दुसऱ्यांच्या विश्वासावर येशूपर्यंत पोचतोय. ताई, सध्या तुम्ही बाजेवर आहात, आणि ते चालतं. तुम्ही लिहिलंत की सासूबाई पहाटे चारला उठून तुमच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करत बसतात आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत जागं असूनही जात नाही, कारण त्यांच्यासारखी आपल्याला येत नाही. जा. त्यांच्याशेजारी जाऊन बसा, आई, मला जमत नाहीये, तुम्ही मोठ्याने करा, एवढंच सांगा, आणि शेवटी आमेन म्हणा. पोटच्या पोराला असं बघणाऱ्या त्या माउलीलाही कोणीतरी शेजारी हवंच असेल.

तुम्ही एका ठिकाणी असंही म्हणालात की खऱ्या विश्वासणाऱ्यांच्या घरात एवढं सगळं एकामागून एक येत नाही. येतं, ताई. आपल्याच मातीतल्या पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात वणवण फिरताना आई-वडील गेले, मागोमाग बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ च्या सुरवातीला नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. मग १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, म्हणजे तुमच्या त्या हिशोबाने यानंतर तरी सुखाचे दिवस यायला पाहिजेत. इकडे येऊन १८८९ साली विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं तर काही वर्षांतच पुण्यात गदारोळ झाला आणि लोकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. नंतरच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं, पण ऐकू येणं तर तरुणपणापासूनच कमी होत गेलं होतं, आणि जिला आपल्यामागे हे सगळं सांभाळायला तयार केलं होतं ती एकुलती एक मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाईंना त्यानंतर वर्षही मिळालं नाही, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. आणि या मधल्या महिन्यांत त्या करत काय होत्या, तर मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं जे काम कित्येक वर्षं चाललं होतं तेच पुढे रेटत होत्या. मुलगी गेल्यावर त्यांच्या आत काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही, पण सकाळी उठून समोरचं पान हातात घेतलं हे तर दिसतंच. केडगाव तुम्हाला लांब नाही, नगरहून दौंडला जाऊन तिथून पुढे पुण्याच्या बाजूला जाता येतं, मुक्ती मिशन अजूनही तिथे आहे. कधी मिस्टरांना बरं असेल त्या दिवशी जाऊन या.

टिकायचं कसं म्हणालात त्याचं माझं उत्तर साधारण तिथेच आहे. लूक नऊ तेवीसमध्ये येशू म्हणतो की माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, दररोज आपला वधस्तंभ उचला आणि चला. त्यातलं "दररोज" मला फार मोलाचं वाटतं. तो तुमच्याकडून आज पुढच्या दहा वर्षांचा विश्वास मागत नाहीये, आणि तुम्ही रात्री झोप लागत नाही तेव्हा नेमकं तेच करताय, पुढची दहा वर्षं आजच उचलायला बघताय, किडनी मिळेल का, पैसे कुठून येतील, हे गेले तर माझा विश्वास राहील का. ताई, त्या दिवशीची ताकद त्या दिवशी. आजच्या वाट्याला काय आहे तर मिस्टरांना वेळेवर नेणं, दिवसभरात पाणी मोजून देणं, दोन ब्लाउज पूर्ण करणं आणि एक स्तोत्र वाचणं. हे सगळं येशूच्या मागे चालणंच आहे. नवऱ्याला तहान लागलेली असताना त्याला अर्धाच कप द्यायचा, तो चिडतो ते ऐकून घ्यायचं, मग बर्फाचा छोटा खडा चघळायला द्यायचा आणि तोही दिवसाच्या मापात धरायचा, हे मंडळीत कोणाला दिसत नाही. येशूला दिसतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

वाचनाचं म्हणाल तर डायलिसिसच्या दिवशी बाहेर बाकड्यावर तुम्हाला तासन् तास बसावं लागतं, मोबाईल चाळून डोकं अजून भणभणतं, त्यापेक्षा मार्काचं शुभवर्तमान काढा. सोळाच अध्याय आहेत, सगळ्यात लहान, आणि येशू त्यात सारखा चालतोय, थकतोय, बोटीत उशीवर डोकं ठेवून झोपतोय. एका खेपेला एक अध्याय पुरे. काही वाटलं पाहिजे, डोळ्यात पाणी आलं पाहिजे असं काही नाही. तापात तोंडाची चव जाते तेव्हा पेज कशी लागते, नुसती पाणचट, तरी आपण घोट घोट पितो आणि ती अंगी लागते, तसं समजा.

म्हणूनच प्रभुभोजन सोडू नका. तुम्ही पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या अकराव्या अध्यायातलं वचन लिहिलंय, अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी ठरेल, आणि त्याची भीती धरलीत. पण ते कोणाला लिहिलंय बघा ना. करिंथात पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब येईपर्यंत काही उरायचंच नाही, त्या माजाबद्दल पौल बोलतोय. मागच्या बाकावर मोडून बसलेल्या बाईबद्दल बोलत नाहीये. आणि तिथेच पुढे आत्मपरीक्षण करा असं सांगून तो "मग खा" म्हणतो, परीक्षण करून घरी जा असं म्हणत नाही. पहिलं प्रभुभोजन कोणाला मिळालं ते तरी आठवा. त्याच रात्री सगळे पळून जाणार होते, पेत्र तर कोंबडा आरवायच्या आत मी त्याला ओळखतच नाही म्हणणार होता, येशूला हे माहीत होतं, त्याने ते तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं, आणि तरी भाकर मोडून त्यांनाच दिली. पेत्राला तर म्हणाला, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीये. तेव्हा पुढच्या खेपेला उठा आणि जा. मनात फार काही नसेल तर मार्क नऊमधल्या त्या आजारी पोराच्या बापाचं वाक्य तेवढं म्हणा, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्या बापाला आधी अविश्वास घालवून ये, मग बघू, असं सांगितलं नाही, पोराला त्याच वेळी बरं केलं.

मिस्टरांना चर्चला चला म्हणून ओढू नका. त्यांचा अपमान चार लोकांत झालाय, त्यामुळे तो तुम्ही घरात समजूत घालून भरून निघणार नाही, ते काम मंडळीचं आहे. पाळकसाहेबांना भेटा आणि स्पष्ट सांगा की तुम्ही आणि वडीलमंडळातले एक-दोघं घरी या आणि मिस्टरांसमोर बसून म्हणा की त्या सभेत जे बोललं गेलं ते चूक होतं, शास्त्राला धरून नव्हतं. सभा आपली नव्हती, आपला काय संबंध, असं उत्तर मिळालं तर पुन्हा सांगा. पेटी वाजवणारा माणूस महिनोन् महिने दिसत नाही आणि त्याला कोणी विचारत नाही हा संबंध पुरेसा आहे. पेत्र तीनदा नाकारून परत मासे धरायला गेला होता, येशूने किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे-भाकर तयार ठेवली, आधी जेवायला बोलावलं आणि मग बोलणं काढलं, आणि त्याच पेत्राला पुन्हा म्हणाला, माझ्यामागे ये. कोणी घरी जाणार असेल तर त्या क्रमाने जावं, आधी जेवण.

आणि हे मंडळीतल्या इतर वाचकांसाठी, जरा कान देऊन ऐका. किडनीच्या पेशंटला भेटायला जाताना शहाळं, केळी, मोसंबी नेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि डायलिसिसवरच्या माणसाला ते घातक ठरू शकतं. ताईंनी लिहिलंय की टेबलावर शहाळी पडून असतात आणि तहानलेला माणूस त्यांच्याकडे बघत बसतो. न्यायचंच असेल तर मोटरसायकल न्या. आठवड्यातला एक दिवस एखाद्या भावाने त्यांना डायलिसिसला नेऊन आणलं तर या बाईला चार तास शिलाई मशीनवर बसून शिवता येईल. येशूचा वधस्तंभसुद्धा वाटेत शिमोन कुरेनेकराच्या खांद्यावर गेला होता, आणि हा शिमोन शेतावरून येत असलेला रस्त्यातला माणूस होता, त्याला धरून आणला होता. आपल्याला तर कोणी धरायचीही गरज पडू नये.

ताई, दोन गोष्टी पैशाच्या आणि उपचाराच्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमचं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. जिल्हा रुग्णालयातही सरकारी कार्यक्रमातून डायलिसिस होतं, तिथेही चौकशी करा. आणि किडनी ट्रान्सप्लांट मिस्टरांना शक्य आहे का, वेटिंग लिस्टला नाव घालायचं का, हे किडनीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही दोन वर्षांत विचारलंच नाही असं पत्रावरून वाटतं, बहुतेक ते विचारणं म्हणजे चमत्काराची आशा सोडणं असं तुमच्या मनात असावं. तसं काही नाही. स्वतःचंही बघा. एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मला मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, दूताने उठवून गरम भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत जेवायला घातलं. तुम्ही रात्री काय जेवता, का सगळ्यांचं उरलेलं?

राहिला मुलगा. त्याला गप्प करू नका आणि घाईने उत्तरही देऊ नका. तो ऐकतच नाही, असं तो म्हणाला म्हणजे त्यानेही कधीतरी अंथरुणात पडून मागितलंय आणि मिळालेलं नाही, दहावीतला पोरगा आईला ते सांगणार नाही. त्याला जवळ बसवून सांगा की बाळा, मलाही हाच प्रश्न पडतो आणि मला याचं उत्तर माहीत नाही. आईला उत्तर माहीत नाही आणि तरी ती जाते, हे त्याला बघू दे. मग त्याने विचारलंच की मग का जातेस, तर योहान सहा वाचून दाखवा. येशूचं बोलणं कठीण वाटून पुष्कळ जण सोडून गेले तेव्हा त्याने बारा जणांना विचारलं, तुम्हीही जाणार का? पेत्राला त्या दिवशी येशूचं सगळं बोलणं कळलं होतं असं मला वाटत नाही, तो एवढंच म्हणाला, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? माझं स्वतःचं पण खूप दिवस याच एका वाक्यावर निभावलंय. रविवारी त्याला यायचं नसेल तर परीक्षा होईपर्यंत त्यावरून घरात भांडण नको, तो आजीजवळ बसू दे किंवा बाबांजवळ बसू दे. पण प्रश्न विचारणं थांबवू नकोस असं त्याला नक्की सांगा, आणि तुम्हाला झेपणार नाही असा एखादा प्रश्न आला तर त्यालाच मला लिहायला सांगा, मी त्याला उत्तर देईन.